जडवस्तू नोंदवहीतील सर्व्हर

मराठी विषय शिकविणाऱ्या दोघा प्राध्यापकांनी सर्व्हरच्या खरेदीविषयी लिहावे, हा काही वाचकांना अव्यापारेषु व्यापार वाटेल. तो तसा आहेही. परंतु पाठचिकित्सेविषयी गेल्या काही वर्षांत आम्ही जे शिकलो, त्यातील बराचसा भाग एका लोखंडी डब्याची निवड करताना शिकलो. तो सहकाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या कानी घालावा, एवढाच या लेखाचा हेतू.

'आम्ही' म्हणजे दोघे. एक अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवितो, दुसरी अकोल्याच्या. अमरावती विद्यापीठात एम.ए.ला आम्ही एकाच तुकडीत होतो. नोकरीला लागल्यावर दोघांनीही आपापल्या विद्यार्थ्यांना एक काम लावून दिले. दिवाळीच्या सुटीत गावी गेलात की घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून आणा. जात्यावरच्या ओव्या, म्हणी, उखाणे, शेतीची अवजारे, भांडणातल्या शिव्यासुद्धा. वऱ्हाडीत 'उन्हाळा' 'उन्हाया' कसा होतो आणि 'मला'चे 'मले' कसे होते, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि आपल्याच आजीच्या तोंडून ऐकणे निराळे. पंधरा वर्षांत तीनशे तासांहून अधिक ध्वनिमुद्रण जमले. त्याच्या जोडीला काही महानुभाव घराण्यांनी मोठ्या मनाने करू दिलेली पोथ्यांची छायाचित्रे, विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि जुन्या नियतकालिकांची कात्रणे.

हे सगळे ठेवले कोठे होते? प्रामाणिकपणे सांगायचे तर जेथे जागा मिळेल तेथे. विभागातल्या संगणकावर, घरच्या लॅपटॉपवर, कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर आणि मुख्यतः एका काळ्या, तळहाताएवढ्या बाह्य हार्ड डिस्कवर. २०२२च्या उन्हाळ्यात ती डिस्क 'टक्... टक्...' असा आवाज करू लागली आणि दुसऱ्या दिवशी संगणकाने तिला ओळख दाखविणेच सोडले. दुरुस्तीवाल्याने ती हातात घेऊन कानाशी नेली आणि मान हलविली. मोठ्या शहरात पाठवून प्रयत्न करता येईल, खर्च बराच येईल आणि हमी कोणीही देणार नाही, असे त्याचे म्हणणे पडले. आम्ही पाठविली. एकतीस तासांचे ध्वनिमुद्रण गेले ते गेलेच.

इतकेच असते तर हळहळून गप्प बसलो असतो. परंतु त्याच वर्षी दर्यापूरकडील एका गावची एक विद्यार्थिनी विभागात आली. तिच्या थोरल्या बहिणीने काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आजीच्या ओव्या आणून दिल्या होत्या. आजी २०२१ साली वारली. "सर, आजीचा आवाज तुमच्यापाशी आहे म्हन्ते आई. घरी एकदा आयकवाचा होता सगळ्यायले." आम्ही यादी उघडली. यादीत आजीचे नाव होते, गाव होते, तारीख होती, ओव्यांची संख्याही होती. आवाज तेवढा नव्हता. एखाद्या ग्रंथाचा उल्लेख सापडावा आणि ग्रंथ सापडू नये, तशी अवस्था. ग्रंथाच्या बाबतीत आपण त्याला 'अनुपलब्ध' म्हणतो आणि पुढे जातो. त्या मुलीसमोर तो शब्द उच्चारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

असो. सर्व्हर घ्यायचा, हे त्या दिवशी ठरले.

प्रथम हिशेब केला. ए-४ आकाराचे एक पान ६०० डीपीआयने पूर्ण रंगात टिपले आणि कोणताही संकोच न करता ठेवले, तर ते १०० एमबीच्या थोडे वर जाते. दोनशे पानांची एक पोथी म्हणजे सुमारे २० जीबी. चांगल्या प्रतीचे एकपदरी ध्वनिमुद्रण तासाला ५०० एमबीच्या आसपास. बेरीज एक टीबीच्या घरात गेली. पुढील दहा वर्षांची वाढ धरून चार टीबी पुरतील असे ठरविले. कामही फारसे नव्हते. विभागातील पाच-सहा संगणकांवरून कोणी फाइल उघडील, कोणी ठेवील. म्हणजे प्रोसेसर अगदी साधा चालणार होता. दुकानदार मात्र प्रत्येक वेळी प्रोसेसरपासूनच सुरुवात करीत. ग्रंथालयासाठी जागा पाहावयास जावे आणि घरमालकाने फाटकाचीच स्तुती करावी, तसे ते होत असे.

आमची अडचण दुसरीकडेच होती आणि ती माहितीपत्रकातील बारीक अक्षरांत सापडली. कार्यालयीन सर्व्हरच्या माहितीपत्रकात चालण्याचे तापमान साधारणतः १० ते ३५ अंश सेल्सियस असे दिलेले असते. डिस्का ठेवण्याचे जे तयार डबे मिळतात, त्यांना बहुधा ४० अंशांपर्यंत मुभा असते. ही पत्रके लिहिणाऱ्यांनी अकोल्याचा मे महिना पाहिलेला नसावा. पारा ४५ अंशांपलीकडे जाणे तेथे नवलाचे नाही. २०२४च्या मे महिन्याच्या अखेरीस तर उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले होते. महाविद्यालयाच्या कार्यालयात वातानुकूलन यंत्र आहे, परंतु ते कार्यालय बंद होईपर्यंतच. सर्व्हरला सुटी नाही.

उष्णतेचा फटका केवळ डिस्कांना बसतो असे नाही. यूपीएसमधील शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या हिशेबाने सांगितलेले असते आणि त्याहून दर दहा अंशांमागे ते जवळपास निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणजे चार वर्षे चालेल म्हणून घेतलेली बॅटरी ३५ अंशांच्या खोलीत दोन वर्षांत मान टाकणार. ज्यांनी वऱ्हाडातील भारनियमनाची वर्षे अनुभवली आहेत, त्यांना बॅटरीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. यूपीएस निवडताना आम्ही दोनच गोष्टी पाहिल्या. बॅटरी गावात मिळावी आणि यूपीएसला संगणकाशी बोलण्यासाठी तार असावी. वीज गेली की तो सर्व्हरला तसे कळवितो आणि सर्व्हर हातातले लिखाण पुरे करून शिस्तीने बंद होतो. तासभर चालू राहण्यापेक्षा दहा मिनिटांत नीट बंद होणे आम्हांला पुरेसे होते.

यंत्र लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवावे, अशी सूचना कार्यालयातून आली. चोरीच्या दृष्टीने ती योग्यच होती, परंतु कपाटात ठेवलेले यंत्र स्वतःच्याच उष्णतेत शिजते. शेवटी तळमजल्यावरील उत्तरेकडची, वर आणखी एक मजला असलेली खोली मिळाली. काळ्या मातीची बारीक धूळ आत जाऊ नये म्हणून पंख्यांसमोर जाळी लावली. ती दर महिन्याला धुवावी लागते. दुसरा प्रश्न मेन स्विचचा. संध्याकाळी सारे आवरले की मेन स्विच पाडूनच घरी जायचे, हा आमच्या शिपाईभाऊंचा पंचवीस वर्षांचा नेम. त्या खोलीची तार वेगळी केली आहे आणि हे यंत्र रात्रीही चालू राहील, हे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "रातभर चालू ठेवाचं म्हन्ता? काहून? रातच्याला कोन पाह्यते त्याले?"

प्रश्न रास्त होता आणि तेव्हा आमच्यापाशी त्याचे चांगले उत्तर नव्हते.

आता स्मरणाविषयी, म्हणजे रॅमविषयी. दरपत्रकांत 'ईसीसी' नावाची थोडी महाग रॅम असे आणि ती आवश्यक आहे की नाही यावर प्रत्येक जाणकाराचे मत निराळे. आम्ही आमच्या पद्धतीने विचार केला. यूनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. 'क' आणि 'ग' यांच्या संकेतांत केवळ एका बिटाचा फरक आहे. उष्णतेने, विजेच्या चढउताराने किंवा अन्य कारणाने रॅममधील तेवढा एकच बिट उलटला, तर 'काय'ची 'गाय' होते. फाइल उघडते, शब्द अर्थपूर्ण दिसतो, कोणालाही शंका येत नाही. लेखनिकाच्या डुलकीमुळे पडलेले पाठभेद आपण एम.ए.ला शिकवितो. येथे लेखनिकच नाही आणि पाठभेद मात्र आहे! ईसीसी रॅम असा एक बिट उलटला तर तो दुरुस्त करते आणि दोन उलटले तर निदान तसे कळविते. तिचे जास्तीचे पैसे देण्याविषयी आमच्यात मग मतभेद उरला नाही. ती रॅम स्वीकारणारा मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांची जोडी मात्र शोधून घ्यावी लागली. ती कोणत्याही मदरबोर्डावर चालत नाही.

डिस्का दोन घ्यायच्या आणि एकीवर लिहिलेले तत्क्षणी दुसरीवरही लिहिले जाईल अशी व्यवस्था करायची, हेही ठरले. या कल्पनेला 'रेड' म्हणतात. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली लिहिलेल्या निबंधामुळे हे नाव रूढ झाले. महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्त अनेक डिस्का वापराव्यात, असा त्याचा मूळ विचार. डिस्का निवडताना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. काही डिस्कांत माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. त्यामुळे जागा वाचते, पण पुनर्लेखन मंदावते आणि एक डिस्क बदलून दुसरीवर सारे पुन्हा उतरवायचे असते तेव्हा फार वेळ लागतो. ही गोष्ट वेष्टनावर सांगितलेली नसते, हे २०२० साली जगभरातील ग्राहकांच्या तक्रारींतून उघड झाले होते. शिवाय दोन्ही डिस्का एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेऊ नयेत. एकाच घाण्यातल्या दोन डिस्का एकाच सुमारास जाण्याचा संभव असतो.

या टप्प्यावर आमची निवड झाल्यात जमा होती. अमरावतीत एकच चांगला, नामांकित बनावटीचा सर्व्हर, आत दोन डिस्का, शेजारी यूपीएस. खरेदी समितीलाही तो पसंत होता. नॅकची समिती आली की दाखविता येईल असे ते यंत्र होते आणि त्यावर तीन वर्षांची हमी होती.

अडले ते एका तासामुळे. अकोल्याच्या मॅडम त्या आठवड्यात बी.ए.च्या वर्गात 'लीळाचरित्र' शिकवीत होत्या. म्हाइंभटांनी रिद्धपुरात राहून, श्रीचक्रधरांना प्रत्यक्ष पाहिलेल्यांना विचारून विचारून १२७८च्या सुमारास तो ग्रंथ सिद्ध केला. पुढे खिलजीच्या फौजेच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि शिष्यांनी आपापल्या स्मरणातून तिचे पाठ पुन्हा उभे केले, अशी परंपरा आहे. आज आपल्यासमोर असलेल्या पाठांतील वेगळेपणाचे एक मूळ तेथे आहे. हे वर्षानुवर्षे आपण सांगतो. त्या दिवशी तास संपल्यावर मॅडमचा फोन आला. "सर, पोथी चांगल्या कागदावर होती की नव्हती, याने काय फरक पडला असता?"

काहीच नाही. पोथी एक होती आणि एका ठिकाणी होती. ग्रंथ वाचला तो ज्यांना तो पाठ होता अशी माणसे अनेक होती आणि अनेक ठिकाणी होती म्हणून. आमचा सर्व्हर कितीही भारी घेतला, तरी तो एका खोलीत राहणार होता. आतील दोन डिस्का म्हणजे एकाच झोळीत ठेवलेल्या दोन पोथ्या. वीज कडाडली, पाणी शिरले, चोर आला, तर दोन्ही एकदमच जाणार. आणि एखाद्याने चुकून फाइल पुसली, तर 'रेड' ती दुसऱ्या डिस्कवरूनही तत्परतेने पुसणार. यंत्र चालू राहावे यासाठी ती योजना आहे. प्रत राखणे हे निराळे काम आहे. चार महिने आम्ही 'कोणते यंत्र बिघडणार नाही?' असे विचारीत होतो. विचारावयास हवे होते ते असे : बिघडेल तेव्हा ते येथे कोण दुरुस्त करील, आणि तोवर दुसरी प्रत कोठे असेल?

प्रश्न बदलताच निवडही बदलली. एका भारी सर्व्हरच्या किमतीत दोन साधी यंत्रे बसत होती. एक अमरावतीत, एक अकोल्यात, दोन्हींतील मदरबोर्ड, रॅम, वीजपुरवठा अगदी सारखे, म्हणजे अडीअडचणीला एकाचा भाग दुसऱ्याला लावता यावा. तयार मिळणारे बंद डबे याच कारणासाठी वगळले. ते सुबक असतात आणि वीजही कमी खातात, पण त्यांचा सुटा भाग आमच्या बाजारात मिळण्याची खात्री नव्हती. जोडलेल्या यंत्राचा वीजपुरवठा संध्याकाळी जळाला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावातच नवा मिळतो. त्यावर लिनक्स घातली आणि 'झेडएफएस' ही फाइलव्यवस्था. ती प्रत्येक मजकुरासोबत त्याची एक पडताळणी-संख्या ठेवते, वाचताना ताडून पाहते आणि एका डिस्कवरील पाठ भ्रष्ट निघाला तर दुसरीवरील शुद्ध पाठावरून तो सुधारते. महिन्यातून एकदा सगळ्या संग्रहाची अशी पडताळणी होते. पाठचिकित्सकाला याहून चांगला मदतनीस कोणता मिळणार!

खरेदी समितीला पटविणे सोपे गेले नाही. तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, तेही दोन महाविद्यालयांत स्वतंत्रपणे. जोडलेल्या यंत्राला एकत्रित हमी नाही, प्रत्येक भागाची वेगळी, हा आक्षेप खरा होता आणि आम्ही तो मान्य केला. 'दोन कशाला?' या प्रश्नाला मात्र आम्ही ती यादी पुढे ठेवली. आजीचे नाव, गाव, तारीख, ओव्यांची संख्या. प्राचार्यांनी ती वाचली आणि सही केली. वीजबिलाचाही हिशेब दिला. सरासरी ४० वॅटने वर्षभर अखंड चालणारे यंत्र साधारण ३५० युनिट खाते.

पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवायची म्हटले तर महाविद्यालयाच्या जोडणीच्या वेगाने साडेचार दिवस अखंड लागले असते. म्हणून सर ती डिस्क टॉवेलात गुंडाळून बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला घेऊन गेले. तेव्हापासून रोज रात्री दोन वाजता अमरावतीचे यंत्र दिवसभरात बदललेले तेवढे अकोल्याला पाठविते आणि अकोल्याचे अमरावतीला. पुसलेली फाइल तीन महिने जुन्या नोंदीतून परत मिळविता येते. शिवाय महिन्यातून एकदा एक तिसरी प्रत सुट्या डिस्कवर घेऊन ती तारेपासून सोडवून घरी ठेवतो. शिपाईभाऊंना आता उत्तर देता आले. रात्री ते नक्कल उतरवीत बसते. "मंग चालू द्या बाप्पा," ते म्हणाले.

एक काम यंत्राच्या निवडीने सुटले नाही, तेही नोंदवून ठेवतो. २०१० पूर्वीचे बरेच प्रबंध यूनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलिखित आहेत. फाइल शाबूत आहे, पडताळणी-संख्या जुळते, पण तो फॉन्ट नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथ्या अशाच शतकानुशतके शाबूत होत्या आणि पंथाबाहेरच्यांना मुक्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधली, तेव्हा कोठे त्या बाहेरच्या अभ्यासकांशी बोलू लागल्या. आमच्याकडील किल्ली अजून हरवलेली नाही. म्हणून मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि यूनिकोडमधील रूपांतर अशी तिन्ही एकत्र ठेवण्याचे काम सुट्यांमध्ये चालू आहे. सर्व्हर प्रत जपतो. ती वाचता येईल याची तजवीज माणसालाच करावी लागते.

२०२४च्या त्या उन्हाळ्यात अकोल्याच्या यंत्रातील एक डिस्क गेली. वर्षही झाले नव्हते. सकाळी मॅडमना संदेश आला, दुसऱ्या दिवशी नवी डिस्क बसली, रात्रीतून तिच्यावर सारे उतरले. एक फाइल गेली नाही. कार्यालयाला या घटनेचा पत्ताही लागला नाही. आम्ही मात्र त्या दिवशी एकमेकांना दोनदा फोन केला.

दोन्ही यंत्रे दोन्ही महाविद्यालयांच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत खुर्च्या, फळे आणि पंख्यांच्या खाली रीतसर नोंदली आहेत. त्या विद्यार्थिनीला आम्ही मागील वर्षी बोलावून घेतले. आजीच्या किती ओव्या आठवतात, असे विचारले. तिने बराच वेळ आठवून तीन म्हटल्या. तिसरीतील एका शब्दापाशी ती थांबली. आजी तेथे दुसरेच काहीतरी म्हणत असे, पण आठवत नाही, म्हणाली. आम्ही ते थांबणेही तसेच मुद्रित केले. यादीत आजीच्या नावापुढे नवी नोंद केली : नातीच्या स्मरणातून, ओव्या तीन, एक पाठ संदिग्ध. त्या रात्री दोन वाजता ती अकोल्याला पोचली.